हिंजवडीचा गारठा आणि थोरल्या काकांचा डगला

पुण्याच्या वायव्येस, मुंबई-बंगळूर हमरस्ता ओलांडला की मुळशी तालुक्याच्या तोंडाशी हिंजवडी हे गाव लागते. पूर्वी आमच्या पेठांतून या नावाचा उच्चार क्वचितच होत असे. आज मात्र हे नाव ठाऊक नाही असे मराठी कुटुंब विरळा. कोणाचा मुलगा, कोणाची सून, तर कोणाचा जावई तेथे नोकरीस असतोच. तथापि घरातील वडीलधाऱ्या मंडळींपैकी ते गाव स्वतः पाहून आलेले थोडेच. मीही त्यांपैकीच एक होतो. गेल्या पौषात तिकडे जाण्याचा योग आला तो एका जुन्या लोकरी डगल्यामुळे.

सदाशिव पेठेतील आमचा वाडा पुनर्बांधणीस द्यावयाचा ठरल्यापासून माळ्यावरील सामानाची वाटणी चालली होती. तांब्या-पितळेची भांडी, देव्हारा, शिसवी कपाट या सर्वांस वारस मिळाले. थोरल्या काकांची पत्र्याची ट्रंक तेवढी कोणास नको होती. काका डॉक्टर होते. १९४३ साली सैन्याच्या वैद्यकीय दलात दाखल होऊन ते इटलीत गेले आणि युद्ध संपल्यावर १९४६ साली परत आले. ट्रंकेत त्यांची चार पत्रे, एक छायाचित्र आणि जाड लोकरी कापडाचा मातकट रंगाचा आखूड डगला होता. डगल्याच्या कॉलरला व एका बाहीला कसर लागलेली होती. धाकट्या सूनबाई म्हणाल्या, "बाबा, हा आता देऊनच टाकावा. नाहीतर आईंच्या शालींनाही कसर लागेल." त्यांचे म्हणणे काही खोटे नव्हते. इतक्यात हिंजवडीहून नातवाचा दूरध्वनी आला. "आजोबा, तो डगला टाकू नका, मला हवा आहे," असे त्याने निक्षून सांगितले. तेव्हा मी डगला स्वच्छ पंच्यात गुंडाळून, वर प्लास्टिकची पिशवी घालून निघालो.

मनपाच्या थांब्यावरून सकाळी बस मिळाली. पुणे शहर लष्कराला किती बिलगून वाढले आहे, हे या वाटेवर चांगले ध्यानात येते. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, पेशवाई बुडाली आणि लगोलग इंग्रजांच्या छावण्या पडल्या. पुण्याचा कॅम्प व खडकी या त्या काळच्या. देहूरोडची छावणी नंतरची. गणेशखिंडीत आज जेथे विद्यापीठ आहे, तेथे मुंबईच्या गव्हर्नरांचा बंगला होता. औंधाकडे वळले की पुन्हा लष्कराच्या भिंती दिसतात. आमच्या पेठांतील कित्येक घरांचा चरितार्थ या लष्करावरच चालला. तलवारीने नव्हे, टाकाने. मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी ही एके काळी पुण्यात मुलीच्या बापाने समाधानाने ऐकावी अशी गोष्ट होती. डॉक्टर होऊन फौजेत जाणारे काकांसारखे लोक त्या मानाने थोडे.

मुळा ओलांडून वाकड गाठले आणि हमरस्त्याखालून पलीकडे गेलो, तो हिंजवडी आली. शिवाजी चौकात उतरलो तेव्हा ऊन पडले होते, पण गारठा हाडांत शिरत होता. दुचाकींचा लोंढा एकसारखा वाहत होता. रस्त्याच्या कडेने मेट्रोचे खांब उभे होते. माण ते शिवाजीनगर या मार्गाची कोनशिला डिसेंबर २०१८ मध्ये बसली. खांबांमागे काचेच्या इमारती. विसाव्या शतकाच्या अखेरीस औद्योगिक विकास महामंडळाने येथे संगणक-उद्योगास जागा दिल्या आणि गावाचे रूप पालटले. पण गाव नाहीसे झालेले नाही. म्हातोबा हे हिंजवडी व वाकड या दोन्ही गावांचे दैवत आहे. चैत्री पौर्णिमेस बगाड निघते ते हिंजवडीहून वाकडला जाते आणि त्या दिवशी संगणकवाल्यांच्या गाड्यांना वाट पाहावी लागते. हा तालुका मुळशी सत्याग्रहाचा. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी तो मांडला आणि त्याचे नेतृत्व करणारे पांडुरंग महादेव बापट पुढे 'सेनापती' म्हणून ओळखले जाऊ लागले. हा सेनापती कोणत्याही पलटणीतला नव्हता, हे येथे सांगावेसे वाटते.

कारण त्या दुचाकींच्या लोंढ्यात मला पलटणी कपडेच पुष्कळ दिसले. कोणाच्या अंगात चार खिशांचा हिरवा डगला, कोणाच्या अंगात वैमानिकांचे असते तसे कातडी जॅकेट, कोणाच्या दंडावर परक्या देशाच्या तुकडीचे बिल्ले. मुले तर आमचीच, साधी, चष्मेवाली. नातवाच्या बिऱ्हाडी पोहोचल्यावर पाहतो तो त्याच्याही खुर्चीवर तसलेच एक जॅकेट टांगलेले. तो व त्याची धाकटी बहीण दोघेही तेथेच नोकरीस असून एका बिऱ्हाडात राहतात. जॅकेट 'अस्सल जुने अमेरिकन' म्हणून त्याने संगणकावरून मागविले होते. पगारातील बरीच रक्कम गेली आणि जॅकेट खांद्यात घसरते, बाह्या बोटांपर्यंत येतात, शिवाय दोन महिन्यांत साखळी निसटू लागली. विकणारा परत घेईना.

"आजोबा, लेबलवर मीडियम लिहिले होते हो," तो काकुळतीने म्हणाला.

माझी आई शिवणकामात तरबेज होती आणि तिच्या हाताखाली मीही थोडे शिकलो आहे. म्हणून आम्ही ते जॅकेट आणि काकांचा डगला, दोन्ही जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी पसरले. त्या तपासणीतून जे हाती आले, ते वाचकांच्या घरातील तरुण मंडळींस उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे देत आहे.

प्रथम मापाविषयी. अमेरिकन सैन्याने १९६५ साली जो रणांगणाचा डगला काढला, तो एम-६५ या नावाने जगभर प्रसिद्ध आहे. बहुतेक हिरवी जॅकेटे त्याचीच नक्कल होत. त्याच्या अस्सल लेबलावर नुसते 'मीडियम' नसते. छाती व उंची ही दोन्ही मापे असतात. मीडियम-रेग्युलर म्हणजे छाती ३७ ते ४१ इंच आणि उंची ६७ ते ७१ इंच. छाती तीच पण माणूस बुटका असेल तर 'शॉर्ट', उंच असेल तर 'लाँग'. ही मापे माणसाच्या शरीराची आहेत, कपड्याची नव्हेत. शिवाय आत लोकरीचे कपडे व वेगळे अस्तर घालावयाचे हे धरूनच तो डगला सैल बेतलेला असतो. नुसत्या सदऱ्यावर घालणाऱ्याने बहुधा एक माप खालचे घ्यावे. आमच्या नातवाने हे केले नव्हते. आणि त्याचे जॅकेट नक्कल असल्यामुळे त्यावरील 'मीडियम'ला तर काहीच अर्थ नव्हता.

इंग्रजी पद्धतीचा लोकरी डगला, ज्यास बॅटलड्रेस म्हणत, तो याच्या अगदी उलट. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर तो प्रचारात आला. तो कमरेशी संपतो, पट्ट्याने आवळला जातो आणि उंच कमरेच्या विजारीवर घालावयाचा असतो. आजच्या खाली बसणाऱ्या विजारीवर तो घातला तर पाठीत थंडी शिरावयास मोकळी जागा राहते. काकांच्या डगल्याच्या आत कापडी लेबल अजून शाबूत होते. त्यावर मापाचा क्रमांक, उंची, छाती, १९४३ हे साल आणि सरकारी मालाची खूण असलेला बाण, इतके सारे वाचता आले. छाती ३५ ते ३६ इंच.

जुना कपडा दुरून विकत घ्यावयाचा असेल तर लेबलावर विसंबू नये. आपल्या अंगास नीट बसणारा एखादा कोट टेबलावर सपाट पसरावा, गुंड्या लावाव्या आणि एका बगलेपासून दुसऱ्या बगलेपर्यंत इंचपट्टीने मोजावे. त्याची दुप्पट म्हणजे कपड्याची छाती. मग एका खांद्याच्या शिवणीपासून दुसऱ्या खांद्याच्या शिवणीपर्यंत, खांद्यापासून मनगटापर्यंत आणि कॉलरच्या खालून पाठीची उंची, अशी चार मापे लिहून ठेवावी व विकणाऱ्याकडे तीच चार मापे मागावी. डगल्याची छाती शरीराच्या छातीहून चार ते सहा इंच जास्त असली म्हणजे हात मोकळे फिरतात. विकणारा मापे देण्यास कचरत असेल तर तेथेच थांबावे.

आता प्रतीविषयी. अस्सल अमेरिकन डगल्याच्या लेबलावर सरकारी कंत्राटाचा क्रमांक असतो आणि त्यावरून बहुधा सालही कळते. एम-६५चे कापड सूत व नायलॉन यांच्या मिश्रणाचे, घट्ट विणीचे आणि तुकतुकीत असते. ताण पडणाऱ्या शिवणींवर दुहेरी टीप असते, खिशांच्या कोपऱ्यांवर आडवे टाके घालून ते पक्के केलेले असतात. नातवाच्या जॅकेटाच्या खिशाचा कोपरा मी अंगठ्याने किंचित ओढला, तो टाका सुटला. लोकर म्हणून विकलेले कापड लोकरीचे आहे की नाही, हे ओळखण्याची आईची युक्ती सोपी होती. आतल्या शिवणीतील एक धागा काढून चिमट्यात धरून पेटवावा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. कृत्रिम धागा वितळतो व त्याची कठीण गोळी होते. हा प्रयोग विकत घेतल्यावर घरीच, ताटलीवर करावा.

एवढे झाल्यावर नातवाने मोठ्या उत्साहाने काकांचा डगला उचलला. पण त्याची छाती बेचाळीस इंच! हात बाहीत गेले आणि तेथेच अडकले. पाठीत कापड करकरू लागले, तेव्हा मी घाईघाईने तो उतरविला. "शिंप्याकडून उसवून मोठा करून घेऊ," असे त्याचे म्हणणे पडले. मला ते रुचले नाही, पण डगला ट्रंकेत कसरीला खाऊ घालण्यापेक्षा कोणाच्या तरी अंगावर असलेला बरा, हेही पटत होते. अखेर आम्ही तिघेही गावठाणातील एका वृद्ध शिंप्याच्या दुकानी गेलो.

त्याने डगला उलटा केला, चष्मा वर सारला आणि मुंढ्याच्या शिवणीवरून बराच वेळ बोट फिरविले. मग म्हणाला, "बाबा, बाही कमी-जास्त करता येईल, कंबर आवळता येईल. पण छाती वाढवायची तर आत माया पाहिजे. हे सरकारी शिवण. शिवणीत अर्ध्या बोटाचीसुद्धा माया ठेवलेली नाही. आणि खांद्याला कात्री लावली तर हा डगला राहणार नाही, त्याची चिंधी होईल. माझ्याच्याने व्हायचे नाही." शिवणीत दडवून ठेवलेल्या जादा कापडास आमच्याकडे 'माया' म्हणतात, हे घरी शिवणारणी असणाऱ्या वाचकांस सांगावयास नकोच.

नातू हिरमुसला. तेव्हा इतका वेळ गप्प उभी असलेली नात म्हणाली, "आजोबा, मी घालून पाहू?" तिने घातला. खांद्याची शिवण खांद्यावर, छातीत हात फिरेल इतकी जागा, बाही मात्र इंचभर लांब. शिंपी हसून म्हणाला, "हिच्या मापाचाच आहे की!" खरे सांगावयाचे तर क्षणभर माझ्या मनात आले की, लढाईवर गेलेल्या पुरुषाचा डगला मुलीने घालावा हे काकांना काय वाटले असते? पण युद्धाच्या काळात, १९४२ सालीच, हिंदी स्त्रियांचे सहायक दल उभे राहिले होते. आणि आमच्याच जिल्ह्यात खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून ३० मे २०२५ रोजी मुलींची पहिली तुकडी शिक्षण पुरे करून बाहेर पडली. काका डॉक्टर होते. मापाचा डगला ज्याच्या अंगास बसेल त्याने घालावा, याहून वेगळे ते काही बोलले नसते, असे मला वाटते.

डगल्याच्या छातीवर एक रिबिनीची पट्टी होती. लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल अशा उभ्या पट्ट्यांची ती रिबिन इटली स्टार या पदकाची. खांद्यांवर दर्जाची चिन्हे होती. नात ती तशीच ठेवू इच्छीत होती. मी मात्र तिला थांबविले. पेटीत जपून ठेवावयाच्या डगल्यावरील चिन्हे जागच्या जागीच असू द्यावी, पण जो अंगावर घालावयाचा त्यावर ती ठेवू नयेत. पदक ज्याने मिळविले त्याचेच असते. शिवाय यात कायद्याचाही भाग आहे. आपण सैनिक आहो असा समज व्हावा या हेतूने सैनिकाचा वेष केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला झाला, त्यानंतर लष्कराने नागरिकांस सैनिकी नमुन्याचे कपडे न वापरण्याचे आणि दुकानदारांस ते न विकण्याचे आवाहन केले. १५ जानेवारी २०२२ रोजी प्रथम दिसलेल्या नव्या गणवेशाचा नमुना तर लष्कराने आपल्या हक्कात नोंदवून घेतला आहे. ऐंशी वर्षांपूर्वीचा, बिनचिन्हांचा मातकट डगला घालणे निराळे आणि आजच्या जवानाच्या ठिपक्याठिपक्यांच्या गणवेशाची नक्कल करणे निराळे. तरुणांनी हा भेद अवश्य पाळावा. शिंप्याने बारीक कात्रीने फक्त दोरे कापून रिबिन व चिन्हे अलग केली, कापडास धक्का लागू दिला नाही. ती आता काकांच्या छायाचित्राखाली एकाच चौकटीत बसविली आहेत.

राहता राहिली निगा. लोकर खाते ती उडणारी पाकोळी नव्हे, तिची अळी. पाकोळी काहीच खात नाही, ती अंधारात, घडीत अंडी घालते. घाम, तेल किंवा अन्नाचा डाग असलेली लोकर अळीस विशेष प्रिय. म्हणून कसर बहुधा कॉलर व बाहीच्या टोकाशी लागते. आमच्या घरी शालींच्या घडीत कडुनिंबाची वाळलेली पाने घालण्याची चाल आहे. ती ठेवावी, पण तिच्यावर विसंबू नये. आत शिरलेली अळी पानांच्या वासाने मरत नाही. डांबराच्या गोळ्यांविषयी मात्र स्पष्ट लिहिणे जरूर आहे. नॅप्थलीनच्या या गोळ्यांची वाफ विषारी असते. काही अर्भकांच्या रक्तात एका द्रव्याची जन्मतःच उणीव असते आणि या गोळ्यांत ठेवलेली दुपटी वा कपडे त्यांना घातल्यास रक्तातील तांबड्या पेशी फुटून जिवावर बेतू शकते. ज्या घरात तान्हे मूल आहे तेथे त्या गोळ्या ठेवूच नयेत.

त्याहून निर्धोक उपाय हिंजवडीच्या बिऱ्हाडातच होता. डगला मऊ ब्रशने, शिवणी उलटून, गच्चीवर झाडला. मग प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात दोन आठवडे ठेवला. उणे अठरा अंशांत अळ्या व अंडी दोन्ही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये, नाहीतर थंड लोकरीवर दव धरते. दिवसभर तशीच राहू द्यावी. कसरीची भोके पेठेतील एका रफूगराने भरून दिली; आतल्या दुमडीतील दोरे काढून त्यांनीच रफू केल्यामुळे रंगात फरक दिसत नाही.

लोकरी डगला गरम पाण्यात कधीही घालू नये. लोकर आकसते आणि पुन्हा उलगडत नाही. दर वेळी धुण्याची गरजच नसते. ब्रश मारून सावलीत वाऱ्यावर टांगला तरी पुरते. पावसाळा संपला की आश्विनात एकदा सर्व लोकरी कपड्यांस हवा द्यावी, पण दिवसभर कडक उन्हात ठेवून रंग उडवू नये. जड डगला तारेच्या हँगरवर लोंबकळत ठेवल्यास खांदे उतरतात. रुंद लाकडी हँगर घ्यावा किंवा सुती पंच्यात सपाट घडी घालून ठेवावा. पितळी गुंड्या उजळताना पुठ्ठ्यास चीर पाडून तो गुंडीमागे सरकवावा, म्हणजे कापडावर डाग पडत नाही. सैनिक याच कामी चिरेची पट्टी वापरीत. धातूची साखळी अडली तर तिच्यावर मेणबत्ती घासावी. एम-६५सारखे सुती कापड उलटे करून थंड पाण्यात धुवावे. कातडी जॅकेट पाण्यात घालू नये. पावसाळ्यात बुरशी आल्यास घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसावे आणि प्लास्टिकऐवजी सुती कापडात गुंडाळावे.

संध्याकाळी मी परत निघालो तेव्हा चौकात पुन्हा दुचाकींचा लोंढा लागला होता. नातू मला बसपर्यंत पोहोचवावयास आला. त्याच्या अंगात तेच नकली जॅकेट होते; साखळीला मेण लावल्याने ती आता बरी चालत होती. तो म्हणाला, "आजोबा, पुढच्या वेळी आधी मापे मागेन." मी म्हटले, "मापे तर मागच; पण त्या दंडावरचा बिल्ला आजच काढून टाक." त्याने तेथेच खिशातल्या चाकूने दोरे कापले.

काकांची ट्रंक आता माळ्यावर नाही. नातीने ती हिंजवडीस नेली. तीत काकांची पत्रे आहेत, पंच्यात गुंडाळलेला डगला आहे आणि आमच्या आग्रहाखातर मूठभर कडुनिंबाची पाने आहेत. वाडा पाडावयास घेतील तेव्हा तेवढे तरी सुखरूप असेल.